पंडिता रमाबाई : उघड्या दारातली प्रार्थना



कुवेतमध्ये संडे स्कूल शुक्रवारी भरते, हे भारतात सांगितले की लोक हसतात. पण इथे सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवारची शाळाही शुक्रवारीच! आपल्या सबाह अल-सालेममधूनही शुक्रवारी सकाळी मुलांना नीट कपडे घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन चर्चला निघणारी मराठी कुटुंबे आहेत. त्याच वेळी शेजारच्या इमारतीत एखादी आजी नातवाकडून शुभंकरोती पाठ करून घेत असते. धर्म वेगवेगळे, पण आईबापांची अडचण एकच. मूल मध्येच थांबते आणि विचारते, देव दिसत का नाही? आपल्याला उत्तर येत नाही. मग आपण म्हणतो, आधी पाठ कर, मोठा झालास की कळेल.

स्वतःला न पटलेले मुलाला शिकवावे का, आणि पटलेले असले तरी ते शिकवावे कसे, या प्रश्नाशी आयुष्यभर झगडलेली एक मराठी आई होऊन गेली. तिचे नाव पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्याविषयी चार ओळी वाचलेल्या असतात : विधवांसाठी शारदा सदन काढले, ख्रिस्ती झाल्या, केडगावला मुक्ती मिशन उभे केले. त्या चार ओळींच्या मागची ही हकीकत.

पहाटेचा धडा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकणे पाप, असे लोक मानत होते त्या काळात त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. त्यावरून विरोध झाला, तेव्हा सरळ रानात आश्रम करून राहिले.

रमा शिकण्याच्या वयाची झाली तोपर्यंत वडील थकले होते. त्यामुळे तिला शिकवले आईने. घरात माणसांचा राबता, तीर्थयात्री, विद्यार्थी, स्वयंपाकपाणी. दिवसा आईला वेळ कुठला! म्हणून ती उजाडायच्या आधी लेकीला उठवी. झोपेने डोळे मिटत असलेल्या त्या पोरीला जवळ घेऊन, गोंजारून जागे करी, आणि पाखरे बोलू लागेपर्यंत श्लोक म्हणवून घेई. पुढे भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. त्या विद्येचा पाया आईच्या कुशीत घातला गेला होता. ही पहाट लक्षात ठेवा, कारण रमाबाईंच्या आयुष्यात ती पुन्हा येणार आहे.

पुढची कहाणी दुःखाची आहे. तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर हिंडत होते. दुष्काळात १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी, जात सोडून, नोंदणी पद्धतीने लग्न केले. १६ एप्रिल १८८१ ला मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने वारले. पदरात दहा महिन्यांचे मूल आणि वय २३!

मनोरमेची शिकवण

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले. १८८३ मध्ये शिक्षणासाठी मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या. २९ सप्टेंबर १८८३ या दिवशी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. पण खरी गंमत पुढेच आहे.

इंग्लंडमधल्या लोकांना वाटले, आता ही विदुषी आपली झाली, आपण सांगू ते मानेल. रमाबाई तशा नव्हत्याच. येशूवर त्यांचे प्रेम जडले होते, पण चर्चच्या प्रत्येक सिद्धांताला त्या प्रश्न विचारत. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या गळी उतरत नव्हता. शास्त्रार्थात वाढलेली बाई ती, पुरावा मागितल्याशिवाय कशी राहील?

त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या, तेव्हा छोटी मनोरमा वाँटेजला सिस्टर जेराल्डिन यांच्याजवळ राहिली. सिस्टर जेराल्डिन प्रेमळ होत्या. मायलेकी दोघीही त्यांना आजीबाई म्हणत. पण त्या मनोरमेला आपल्या चर्चची पूर्ण शिकवण देऊ लागल्या, तसे रमाबाईंनी हरकत घेतली. स्वतः आईच ज्या गोष्टींचा अजून विचार करते आहे, त्या चार वर्षांच्या मुलीकडून अंतिम सत्य म्हणून घोकून घेऊ नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. देवावर प्रेम करायला शिकवा, प्रार्थना शिकवा, पण मोठ्यांच्या वादातले निकाल लेकराच्या तोंडी घालू नका. मनोरमा इंग्रज मुलगी होऊ नये, तिचे मराठी आणि हिंदुस्थानी वळण सुटू नये, याचीही त्यांना काळजी होती.

या वादाची पत्रे पुढे, १९७७ मध्ये, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ती वाचताना दोन्ही बाजूंची माया दिसते आणि दोन्ही बाजूंचा हट्टही. आजीबाईंना वाटे, रमाबाई गर्विष्ठ आहे. रमाबाईंना वाटे, देवाने आपल्याला दिलेली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करायची नसते, आणि मुलीची तर नाहीच नाही. परक्या देशात, त्याच लोकांच्या आधाराने राहणाऱ्या एकट्या विधवेने हे ठासून सांगायला किती धैर्य लागले असेल! दुसऱ्याच्या देशात मुले वाढवणाऱ्या आपल्याला त्याची थोडी कल्पना येऊ शकते.

फिलाडेल्फियातले बालोद्यान

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो सोहळा पाहायला रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेला गेल्या. थोड्या दिवसांसाठी गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध केले, गावोगाव भाषणे दिली, आणि हिंदुस्थानात विधवांसाठी शाळा काढायला पैसा उभा केला.

या काळात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. फिलाडेल्फियात त्या फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेऊ लागल्या. फ्रोबेल हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ. त्यांचे सांगणे असे की मूल हे रोपासारखे असते, माळ्याने माती आणि पाणी बघावे, वाढायचे काम रोपच करते. खेळ, गाणी, मातीकाम, रंगीत ठोकळे यांतून मूल शिकते, आणि शिकवणाऱ्याने आधी मुलाकडे नीट पाहायला शिकावे. शेकडो पंडितांना वादात गप्प करणारी ही बाई तिशीच्या उंबरठ्यावर ठोकळे आणि बालगीते घेऊन शिकायला बसली. मराठी मुलांसाठी चांगली वाचनमाला तयार करायची, हेही तेव्हा त्यांच्या मनात होते.

शारदा सदन आणि उघडे दार

११ मार्च १८८९ या दिवशी मुंबईला चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्याच विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, ज्या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० मध्ये सदन पुण्याला आले.

अमेरिकेतल्या मंडळींची अट होती आणि रमाबाईंनीही तसे जाहीर वचन दिले होते की या शाळेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही. ब्राह्मण मुलींना आपले सोवळे, पूजा, उपवास सांभाळायची पूर्ण मोकळीक होती. हे वचन रमाबाईंनी पाळले. पण आपली स्वतःची प्रार्थना त्यांनी लपवली नाही. रोज सकाळी त्या मनोरमेला जवळ घेऊन आपल्या खोलीत बायबल वाचत आणि प्रार्थना करत. गंगामूळच्या रानातली ती पहाट पुन्हा उगवली होती. फक्त आता आई रमाबाई होत्या.

त्या खोलीचे दार उघडे असे. कोणाला बोलवायचे नाही, आणि कोणी आले तर हाकलायचेही नाही, असा त्यांचा नियम. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. घरी ज्यांना पांढऱ्या पायाची म्हणून हिणवले गेले होते, ज्यांना कोणी प्रेमाने हाक मारली नव्हती, अशा त्या बालविधवा. एक आई आपल्या मुलीला कुशीत घेऊन देवाशी बोलते, हे पाहायला त्या येत असतील तर त्यात नवल ते काय!

झाले! १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. रमाबाई मुलींना बाटवतात असा आरोप झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. सदनाच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी सज्जन, सुधारक माणसे होती. त्यांनीही राजीनामे दिले. वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. रमाबाईंपुढे सोपा मार्ग होता, दार लावून घ्यायचे. तो त्यांनी नाकारला. प्रत्येक हिंदू घरात आई आपल्या देवासमोर उघडपणे बसते, मग माझ्याच घरात मी दार का लावू, असा त्यांचा सवाल होता.

इथे आपण दोन्ही बाजू पाहायला हव्यात. पालकांची भीती खोटी नव्हती. कोवळ्या वयाची, निराधार मुलगी ज्या बाईवर जीव लावते, तिचा देवही तिला आपला वाटू लागतो. सक्ती नसली तरी माया हा प्रभाव असतोच. रमाबाईंना हे कळत नव्हते असे नाही. पण प्रभाव पडेल म्हणून माया आणि प्रार्थना दोन्ही लपवायच्या, हे त्यांना खोटेपणाचे वाटले.

पंडितेला मिळालेला धडा

याच सुमारास, १८९१ मध्ये, रमाबाईंच्या आतही काही घडत होते. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी प्रांजळपणे कबूल केले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. बुद्धीने सारे तोलून झाले होते, मनाला मात्र शांती नव्हती. एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचताना त्यांना उमगले की देवाची कृपा अभ्यासाने कमवायची नसते, मूल आईच्या हातून घास घेते तशी ती घ्यायची असते.

लेकरांसारखे झाल्याशिवाय देवाच्या राज्यात जाता येत नाही, ही येशूची शिकवण संडे स्कूलच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पंडितेला तिचा अर्थ लागायला आठ वर्षे लागली. रोज सकाळी शेजारी बसलेली दहा वर्षांची मनोरमा कसलाही पुरावा न मागता प्रार्थना करत होती, ही गोष्ट त्या आईच्या नजरेतून सुटली असेल असे मला वाटत नाही.

केडगावच्या मुली

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतः दुष्काळात आईबाप गमावले होते. बातम्या ऐकून त्यांना घरात बसवेना. त्या तिकडे गेल्या आणि उपाशी, आजारी, बेवारस अशा सुमारे ३०० मुली घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे एवढ्या मुली पुण्यात ठेवता येईनात, म्हणून दौंडच्या अलीकडे केडगावला घेतलेल्या शेतावर छपरे उभारली. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या २,००० च्या घरात गेली.

बोस्टनच्या संस्थेने दिलेली दहा वर्षांच्या मदतीची मुदत १८९८ मध्ये संपली. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभे राहिले आणि तिथे मुलींना ख्रिस्ती शिक्षण दिले जाऊ लागले. भुकेल्या पोरींना अन्नाबरोबर धर्म दिला, ही टीका तेव्हाही झाली, आजही होते. त्या मुलींना दुसरे दार कोणी उघडले होते, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. वाचकांनी आपापल्या मनाशी त्याचा विचार करावा.

केडगावला रमाबाईंच्या फ्रोबेलचा उपयोग झाला. लहानग्यांसाठी बालोद्यान होते. मोठ्या मुली लहानांना सांभाळत, शिकवत. शेती, विणकाम, तेलघाणा, दुग्धालय, छापखाना अशी कामे मुलीच करत. मनोरमा अमेरिकेतले शिक्षण घेऊन १९०० मध्ये परतली आणि आईचा उजवा हात झाली. ब्रेल लिपी शिकून तिने अंध मुलींना वाचायला शिकवले. ज्या मुलींना दुष्काळाने आणि समाजाने टाकाऊ ठरवले होते, त्या बोटांनी शास्त्र वाचू लागल्या.

आणि १९०५ साली जूनमध्ये मुक्ती सदनात एक विलक्षण गोष्ट घडली. मुली प्रार्थनेला बसल्या आणि एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कोणी रडत होते, कोणी टाळ्या वाजवत होते. हे दिवसच्या दिवस चालले. पाहायला आलेल्या काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा गोंधळ वाटला, त्यांना शांत, शिस्तीची उपासना हवी होती. रमाबाई स्वतः शिस्तीच्या भोक्त्या. पण त्यांनी मुलींना थांबवले नाही. आपल्या देशातल्या माणसांची देवाला आळवण्याची रीत निराळी आहे, तिला परदेशी साच्यात कोंबू नये, असे त्यांनी ठरवले. वाँटेजला आपल्या मुलीसाठी जे भांडण केले, तेच त्या आता हजारो मुलींसाठी करत होत्या. या वेळी वाट मात्र मुलींनी दाखवली होती.

सोप्या मराठीतले बायबल

आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा-सोळा वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. मराठी बायबल आधीपासून होते, पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर. केडगावच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलींना आणि बायांना ती कळत नसे. मग ज्या बाईने संस्कृतवर पदव्या मिळवल्या, तिने आपली संस्कृत बाजूला ठेवली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, थेट त्या भाषांमधून, साध्या बोलीत ती उतरवू लागली. छपाईचे काम मुक्ती सदनातल्या स्त्रिया करत. मला तर वाटते, रमाबाईंनी मुलींकडून घेतलेला हा सर्वात मोठा धडा होता. समोरच्या पोरीला कळत नसेल तर चूक पोरीची नाही, आपल्या भाषेची आहे.

२४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. वय अवघे ४०. जिच्यासाठी पहाटे उठायचे, जिच्यासाठी इंग्लंडमध्ये भांडायचे, जिच्या हाती संस्था सोपवायची, तीच गेली. रमाबाई तशाच भाषांतराला बसल्या. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी डोळे मिटले, अशी आठवण सांगतात. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही सुरू आहे. सुट्टीत पुण्याहून सोलापूरकडे रेल्वेने गेलात तर केडगाव स्टेशन लागते, जरूर आठवण ठेवा.

मंडळी, देव दिसत का नाही, या प्रश्नाचे तयार उत्तर रमाबाईंच्या चरित्रात सापडत नाही. आपल्याला न पटलेले मुलाकडून घोकून घेऊ नये, आणि पटलेले त्याच्यापासून लपवू नये, एवढे मात्र सापडते. पुढच्या शुक्रवारी चर्चला निघताना किंवा देवापुढे दिवा लावताना मुलाने प्रश्न विचारला, तर घाई न करता क्षणभर त्याच्याजवळ बसू या. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणून सांगू या. दार उघडे असले म्हणजे झाले.

– सबाह अल-सालेम, कुवेत